कप्तानाचा एकदम ब्रिगेडियर-जनरल
विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या लष्करी कायद्याची तऱ्हा अशी विलक्षण होती की, कर्नलच्या हुद्द्यापर्यंतची बढती सेवाज्येष्ठतेच्या क्रमानेच मिळत असल्यामुळे राष्ट्राध्यक्षाला एखाद्या गुणवंत कप्तानास मेजर करता येत नसे. सिनेटच्या संमतीने त्यालाच ब्रिगेडियर-जनरल मात्र खुशाल करता येई! थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये नेमके हेच केले आणि कप्तान जॉन पर्शिंग ८६२ ज्येष्ठ अधिकाऱ्यांना ओलांडून वर चढले. त्यांचे सासरे वॉरन सिनेटच्या लष्करी समितीचे अध्यक्ष असल्याने वशिल्याची कुजबुज झालीच, आणि ती सर्वस्वी अनाठायी म्हणवत नाही. तथापि फिलिपीन्समधील मोरो मुलखातली पर्शिंग यांची कामगिरीही दप्तरी नमूद होती. युद्धमंत्री एलिहू रूट यांच्या प्रयत्नाने १९०३ मध्ये संरक्षणाच्या पूर्वयोजना आखणारा जनरल स्टाफ निर्माण झाला होता खरा, पण बढतीची जुनी शिडी तशीच राहिली होती.