उंची कमी, डौल अधिक

कला शाखेच्या वार्षिकात ट्रकच्या स्प्रिंगांचे काय काम, असे कुणी विचारील. परंतु अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्तीने गाडी बुटकी करण्याची एक कलाच जोपासली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण जुन्या गाड्या घेत, डिकीत वाळूची पोती ठेवून त्या खाली बसवीत आणि व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावरून मुद्दाम संथपणे फिरवीत. अशा गाड्यांना ‘लोरायडर’ म्हणतात.

जुन्या पिकअप ट्रकच्या बाबतीत हे काम अधिक विचाराचे असते. रिकामा पिकअप मागून उंच दिसतो, कारण त्याच्या स्प्रिंगा ओझ्याखाली दबण्यासाठीच केलेल्या असतात. ती उंची म्हणजे मालासाठी राखून ठेवलेली जागा होय. आपल्याकडे ट्रकमालक जादा पाटे घालून कमान भक्कम करून घेतात. येथे नेमके उलटे करायचे असते.

१९४७ ते १९५५ या काळातील शेव्हरोलेट पिकअपला चारही चाकांवर पाट्यांची कमान आहे. मागची कमान आसाच्या वर बसते. या दोहोंमध्ये २ इंच जाडीचा लोखंडी ठोकळा घातला, की ट्रक मागून २ इंच खाली येतो. १९६३ नंतरच्या ‘सी-१०’ पिकअपला पुढे वेटोळ्यांची स्प्रिंग आहे. तिची वेटोळी कापणे हा स्वस्त उपाय. पण वेटोळी कमी झाली की स्प्रिंग ताठर होते. काम करणाऱ्या ८ वेटोळ्यांपैकी २ कापली, तर ताठरपणा एक तृतीयांशाने वाढतो. स्प्रिंग तापवून बसवणे त्याहून वाईट, कारण पोलादाचे पाणीच उतरते. चाकाचा खुंटा वरच्या अंगाला असलेला ‘ड्रॉप स्पिंडल’ बसवणे चांगले. त्यात स्प्रिंगला हात लावावा लागत नाही.

गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर ट्रक कमी कलतो, हा लाभ. मात्र मागचा आस आणि चासी यांतील अंतर घटते. खड्ड्यात आस चासीवर आदळतो. म्हणून चासीला खालून खाच पाडून ती मजबूत करतात, आखूड शॉक अॅब्सॉर्बर बसवतात आणि चाकांची अलाइनमेंट पुन्हा करतात. एवढे करूनही पूर्वीइतके ओझे लादता येत नाही. ज्याचे पोट मालवाहतुकीवर आहे, त्याने हा सौदा समजूनच करावा.

कॅलिफोर्नियात १९५८ सालापासून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असणे बेकायदा ठरले. पोलीस अशा गाड्या अडवू लागले. १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप जोडले. आता बटण दाबताच गाडी कायद्यापुरती उंच होई आणि पुन्हा खाली बसे!

२०२३ साली त्या राज्याने हे बंधन उठवणारा कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला. संथ मिरवणुकींवर बंदी घालण्याचा नगरपालिकांचा अधिकारही त्याच कायद्याने गेला. आठवडाभर ओझी वाहणाऱ्या माणसाला रविवारी आपली गाडी नटवून चार लोकांत मिरवावीशी वाटते, यात गुन्हा कसला, हे मान्य व्हायला ६५ वर्षे लागली.