स्विचचे घड्याळ कसे लावावे

वाचकहो, एक सोपा प्रयोग करून पाहा. शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवा आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते घड्याळात बघा. बुलढाणा जिल्ह्यात त्या वेळी बरोबर बारा वाजलेले नसतात. वर्षाची सरासरी काढली तर बारा वाजून सुमारे पंचवीस मिनिटे झालेली असतात. यात घड्याळाची चूक नाही. आपली घड्याळे बुलढाण्याच्या सूर्यावर चालतच नाहीत. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ ती दाखवतात.

ही भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, आणि आगगाड्या धावायच्या मद्रासच्या वेळेवर. मद्रासची वेळ मलकापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे सोळा मिनिटे पुढे! सावली पाहून घरून निघालेल्या माणसाची गाडी चुकली, तर दोष कुणाला द्यायचा?

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. पण असाच घोळ आजच्या यंत्रांत होतो. मी जवळून पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका महाविद्यालयात सोमवारी सकाळी संगणक-कक्षाचे नेटवर्क बंद आढळले. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. चौकशी सुरू झाली. स्विचच्या नोंदीत लिहिले होते की, रविवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या इमारतीकडे जाणारी तार तुटली. त्या वेळी खोलीत एकटा शिपाई होता. झाले! सगळ्यांचा संशय त्याच्यावर. तो बिचारा काकुळतीला येऊन सांगे, "सर, मी वायरीला हातसुद्धा लावला नाही."

मी स्विचचे घड्याळ उघडून पाहिले. माझ्या मनगटावर दुपारचे चार वाजले होते. स्विच म्हणत होता, सकाळचे साडेदहा. फरक बरोबर साडेपाच तासांचा. म्हणजे स्विच ग्रीनिचच्या वेळेवर चालला होता! त्याच्या सहा-वीसमध्ये साडेपाच तास मिळवा: रात्रीचे अकरा पन्नास. पहारेकऱ्याच्या वहीत त्याच सुमारास जवळ वीज पडल्याची नोंद होती. तांब्याच्या तारेतून तो धक्का आला आणि पलीकडचे यंत्र जळले. शिपाई सुटला, पण तोवर त्याने दोन दिवस मान खाली घालून काढले होते.

हा स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. अनेक संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात आणि कोणाचा निरोप कोणाकडे जायचा हे जिथे ठरते, ती ही पेटी. यातला 'मॅनेज्ड' स्विच आपल्या सूचना ऐकतो आणि घडेल ते वेळेसह नोंदवून ठेवतो. पण त्यातल्या पुष्कळ पेट्यांत वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज आली की काही पेट्या थेट १ जानेवारी १९७० पासून मोजू लागतात! म्हणून त्यांना वेळ विचारायला शिकवावे लागते. त्यासाठी 'एनटीपी' नावाची पद्धत आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती १९८५ च्या सुमारास मांडली.

तिची युक्ती गंमतीची आहे. समजा, तुम्ही स्टेशनमास्तरकडे वेळ विचारायला मुलगा धाडला. तुमच्या घड्याळात तो दहाला निघाला आणि दहा-बाराला परतला. मास्तरांनी चिठ्ठीवर लिहिले: आला दहा-आठला, निघाला दहा-दहाला. बारा मिनिटांतली दोन तिथे गेली. जाण्यायेण्याची दहा, म्हणून एका खेपेची पाच. म्हणजे तुमच्या घड्याळात दहा-पाच झाले, तेव्हा मास्तरांकडे दहा-आठ होते. तुमचे घड्याळ तीन मिनिटे मागे! जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला, एवढे मात्र यात गृहीत आहे. स्विच हाच हिशेब पुन्हा पुन्हा करत राहतो.

आता मास्तर कोण? नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ सांभाळते. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी सरकारी कार्यालये, कंपन्या आदींना निर्देश दिले की, यंत्रांची वेळ या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवावी. संस्थेतल्या एका यंत्राने बाहेरून वेळ घ्यावी आणि बाकीच्या स्विचांनी त्याच्याकडून घ्यावी, ही रीत सोयीची.

स्विच लावताना क्रम असा ठेवा. आधी हाताने जवळपासची तारीख व वेळ घाला. फरक फार मोठा असला की काही यंत्रे दुरुस्ती नाकारतात. मग एनटीपी चालू करून सर्व्हरचा पत्ता द्या. पत्ता नावाने दिला, तर नावावरून आकडी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हरही स्विचला ठाऊक हवा. फायरवॉलमध्ये यूडीपीचे १२३ क्रमांकाचे दार उघडे हवे. मग टाइम झोन: अधिक साडेपाच तास. एनटीपी जगभर एकच वेळ पाठवते. आपले साडेपाच तास तिच्यात मिळवण्याचे काम स्विचचे आहे. उन्हाळी वेळेचा पर्याय बंदच ठेवा. आपल्याकडे ती नाही. शेवटी सगळे 'सेव्ह' करा, नाहीतर वीज गेली की पहिले पाढे पंचावन्न.

एवढ्यावर थांबू नका. दहा-पंधरा मिनिटांनी स्थिती पाहा. 'स्ट्रॅटम' म्हणजे मूळ घड्याळापासूनची पायरी. तिथे सोळा आकडा दिसला, तर स्विचला अजून वेळ मिळालेली नाही असे समजा.

पूर्वी रेडिओवरचे ठोके ऐकून आपण घरचे घड्याळ लावत असू. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत असा स्विच असेल, तर तो पाहणाऱ्याला उद्याच विचारा, "याच्यात आत्ता किती वाजले आहेत?" आणि पुढे कधी त्याच्या नोंदीवरून कुणाला जाब विचारायची पाळी आली, तर त्याआधी त्याचे घड्याळ पाहा.