पेटंट संपले म्हणजे औषध शिळे झाले नाही

कुपात होलीमच्या फार्मसीत नेहमीच्या गोळीऐवजी दुसऱ्या नावाचे खोके हातात पडले की अनेकांच्या मनात शंका येते. "त्या औषधाचे पेटंट संपले, आता हे घ्या" असे फार्मसीत सांगितले तर काहींना वाटते की जुने औषध कालबाह्य झाले. काहींना वाटते की नवे औषध हलक्या प्रतीचे आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांपायी गोळी चुकण्याची किंवा दोनदा घेतली जाण्याची भीती असते. म्हणून या वेळी पेटंटच्या तारखेविषयी थोडे समजून घेऊ.

खोक्यावर छापलेली तारीख ही गोळीची तारीख. त्या तारखेनंतर ती गोळी घेऊ नये. पेटंटची तारीख खोक्यावर नसते, कारण तिचा गोळीच्या ताजेपणाशी संबंध नाही. औषध शोधणाऱ्या कंपनीला काही वर्षे एकटीलाच ते विकण्याचा जो हक्क मिळतो, त्याला पेटंट म्हणतात. तो हक्क संपला की इतर कंपन्याही तेच औषध बनवू शकतात आणि किंमत साधारणपणे उतरते.

हा हक्क बहुतेक देशांत, इस्राएलमध्येही, २० वर्षांचा असतो. पण ही वर्षे औषध दुकानात आल्यापासून मोजत नाहीत. पेटंटचा अर्ज केला त्या दिवसापासून मोजतात. त्यानंतर प्राण्यांवर आणि माणसांवर चाचण्या होतात, सरकारी परवानगी मिळते, आणि यात पुष्कळदा दहा-बारा वर्षे निघून जातात. ही भरपाई म्हणून इस्राएलच्या कायद्यात औषधाच्या पेटंटला मुदतवाढ देण्याची सोय आहे. तिला मर्यादा आहेत. वाढ पाच वर्षांपेक्षा जास्त नसते. शिवाय अमेरिका आणि युरोपातील काही देश यांसारख्या ठरवून दिलेल्या देशांत औषधाला जी पहिली परवानगी मिळाली, तिच्यापासून १४ वर्षांच्या पुढे ती जात नाही.

समजा, एका औषधाचा अर्ज २००० साली झाला आणि पहिली परवानगी २०१२ साली मिळाली. मूळ पेटंट २०२० साली संपते. परवानगीपासून १४ वर्षे मोजली तर २०२६ येते, पण पाच वर्षांची मर्यादा असल्याने हक्क २०२५ च्या पुढे जाऊ शकत नाही. त्या देशांत कमी वाढ मिळाली असेल, तर इस्राएलमध्येही कमीच मिळते.

एवढे झाले एका पेटंटचे. पण एकाच गोळीवर अनेक पेटंटे असू शकतात: एक मूळ द्रव्यावर, एक त्या द्रव्याच्या क्षारावर, एक मात्रेवर. प्रत्येकाची तारीख वेगळी. मधुमेहाची सिटाग्लिप्टिन ही गोळी आपल्यापैकी अनेक जण घेतात. तिचे मूळ नाव जानुविया. तिच्या मूळ द्रव्याचा अर्ज जुलै २००२ मधला. भारतात पेटंटला मुदतवाढ मिळत नाही, म्हणून तिथे ते जुलै २०२२ मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. मुंबईहून येणारे नातेवाईक "आमच्याकडे तर हीच गोळी स्वस्त मिळते" म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे. अमेरिकेत मात्र त्याच गोळीच्या क्षारावर वेगळे पेटंट होते. त्याचा अर्ज २००४ मधला, म्हणजे ते २०२४ साली संपायला हवे होते. पण पेटंट कार्यालयात झालेल्या विलंबाचे दिवस तिथे मुदतीत मिळवतात, त्यामुळे तारीख नोव्हेंबर २०२६ वर गेली. मुलांवर चाचण्या केल्याबद्दल मिळणारे सहा महिने आणखी वेगळे.

एका अर्जातून फोडून दुसरा अर्जही करता येतो. अशा फोडलेल्या अर्जाची २० वर्षे मूळ अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात, त्यामुळे मुदत वाढत नाही. पण स्वस्त औषध आणू पाहणाऱ्या कंपनीला प्रत्येक पेटंटाविरुद्ध वेगळे भांडावे लागते आणि त्यात वेळ जातो. कोपॅक्सोन या औषधाचे उदाहरण आपल्या देशातले आहे. मज्जासंस्थेच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरील हे औषध रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील संशोधनातून आले आणि तेवा कंपनीने ते जगभर विकले. फोडलेल्या अर्जांचा गैरवापर करून आणि प्रतिस्पर्धी औषधाविषयी गैरसमज पसरवून स्पर्धा रोखली, असे ठरवून युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेवाला ४६ कोटी २६ लाख युरोंचा दंड केला. या निर्णयाविरुद्ध अपील करणार असल्याचे तेवाने जाहीर केले.

म्हणून "अमुक औषधाचे पेटंट या वर्षी संपणार" अशी बातमी वाचून गोळी अर्धी करू नका आणि स्वस्त होईल म्हणून थांबू नका. बातमीतली तारीख कोणत्या देशाची आणि कोणत्या पेटंटाची, हे आपल्याला ठाऊक नसते.

खोके बदलले तर मात्र पुढील काळजी घ्या:

१. मोठ्या अक्षरातले नाव कंपनीचे असते. त्याखालचे औषधी द्रव्याचे नाव आणि मिलिग्रॅम जुन्या खोक्याशी ताडून पाहा. हिब्रू वाचायला अडचण असेल तर फार्मसीत विचारा किंवा मुला-नातवंडांकडून वाचून घ्या.

२. द्रव्य तेच असेल तर जुनी आणि नवी गोळी दोन्ही घेऊ नका. जानुविया आणि दुसऱ्या नावाची सिटाग्लिप्टिन एकत्र घेतली तर मात्रा दुप्पट होते. जानुमेटमध्येही सिटाग्लिप्टिन असते, हे ध्यानात ठेवा.

३. थायरॉइड, फिट्स किंवा रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची गोळी बदलली असेल तर डॉक्टरांना अवश्य कळवा.

४. मुंबईहून आणलेली गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

रंग आणि आकार बदलला तरी आतले द्रव्य तेच असते. आरोग्य मंत्रालयाने परवानगी दिल्याशिवाय ती गोळी फार्मसीत येत नाही. शंका असेल तर विचारा, पण गोळी बंद करू नका.