वणव्यातील मृत्यू : भरपाईच्या पलीकडे

फाल्गुन सरत आला की एटापल्लीच्या जंगलात मोहफुलांचा सडा पडू लागतो आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. ती आवरली नाही, तर वाळलेल्या बांबूच्या बेटांतून वणवा डोंगर चढतो. वनखात्याच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. या काळात जाळरेषा राखण्यासाठी व आग विझविण्यासाठी गावोगावचे तरुण रोजंदारीवर घेतले जातात. जंगलातील खरा अग्निशामक तोच. मात्र त्याच्यामागे ना बंब असतो, ना पाण्याची टाकी.

हा धोका काल्पनिक नाही. विदर्भातच, ८ एप्रिल २०२१ रोजी, नागझिरा अभयारण्यातील वणवा विझविताना तीन हंगामी मजूर मृत्युमुखी पडले व दोघे गंभीर जखमी झाले. अशा प्रसंगानंतर पहिला विषय निघतो तो भरपाईचा, आणि तो निघालाच पाहिजे. परंतु १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात रुजलेले सूत्र मासिक वेतन व वय यांवर आधारलेले होते. किमान रकमेची तरतूद असली, तरी ज्याची मजुरी तुटपुंजी त्याच्या प्राणाचे मोलही तुटपुंजे, असाच त्याचा अर्थ. शिवाय भरपाई मागे राहिलेल्यांना आधार देते. पुढचा मृत्यू टाळत नाही. ते काम चौकशीचे आहे.

चौकशी म्हणजे दोषी कोण याचा शोध, अशी आपली समजूत असते. त्यामुळे जो तो स्वतःचा बचाव करतो आणि सत्य झाकलेलेच राहते. अमेरिकेने निराळी वाट धरली. १९४९ साली मोंटाना राज्यातील मान गल्च येथे वणव्याने तेरा जवानांचा बळी घेतला. पुढे १९५७ मध्ये एका अभ्यासगटाने अशा अनेक दुर्घटना तपासल्या आणि त्यांतून दहा नियम सिद्ध झाले : हवामानाची माहिती ठेवा, टेहळणीस माणूस उभा करा, निसटण्याची वाट आधी ठरवा, इत्यादी. १९९८ पासून तेथील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने अग्निशामकांच्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी आरंभिली. दोषारोप न करता कारणे शोधणे आणि अहवाल सर्वांसाठी खुला करणे, हे तिचे सूत्र.

एटापल्लीत विचारावयाचे प्रश्नही साधेच आहेत. वारा फिरल्याचे कोणी पाहिले? चढावर आग वेगाने धावते, हे ठाऊक असताना माणसे आगीच्या वरच्या अंगास का होती? परतीची वाट कोणती ठरली होती? भर दुपारी त्यांना कोणी धाडले? पायांत बूट होते काय? उत्तरे मराठीत व माडियात प्रत्येक वनपरिक्षेत्रात, प्रत्येक ग्रामसभेत हंगामापूर्वी वाचली गेली पाहिजेत. जे मजूर आगीतून वाचले, त्यांची साक्ष तर प्रथम नोंदविली पाहिजे.

याला फार मोठा निधी लागत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, असे ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती होय : एकदा मिळविले की कितीही जणांनी वापरले तरी ते सरत नाही. पण त्याची किंमत कोणीतरी आधीच प्राणांनी चुकविलेली असते. ते मिळवूनही न घेणे, ही उधळपट्टी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तिचा बोजा मात्र पुढच्या हंगामातील मजुरावर पडतो.