धरण, रांग आणि एक गणिती कारकीर्द

टेंभुर्णीच्या परिसरात पावसाळा सुरू झाला की दौंडहून येणारा विसर्ग किती आणि उजनी धरण किती टक्क्यांवर, या दोन प्रश्नांकडे ऊस उत्पादकांचे डोळे लागलेले असतात. आणि नेमक्या अशाच प्रश्नांतून उपयोजित संभाव्यता या शाखेचे, म्हणजे व्यवहारातील अनिश्चित घडामोडींचे गणित मांडणाऱ्या शाखेचे, एक समृद्ध क्षेत्र विसाव्या शतकाच्या मध्यावर उभे राहिले.

१९५४ साली ऑस्ट्रेलियातील पी. ए. पी. मोरान यांनी धरणाचे जे प्रारूप मांडले, त्यात वर्षारंभीच्या साठ्यात त्या वर्षाची अनिश्चित आवक मिळवायची, धारणक्षमतेपलीकडचे पाणी सांडव्यावरून गेले असे धरायचे आणि मग ठरावीक पाणी, किंवा तेवढे नसेल तर असेल तेवढे, सोडायचे. पुढील साठा केवळ चालू साठ्यावर आणि नव्या आवकेवर ठरतो, मागील वर्षांचा इतिहास लागत नाही. अशा प्रक्रियेस मार्कोव्ह साखळी म्हणतात. मात्र तळ आणि माथा अशा दोन्ही मर्यादा एकाच वेळी सांभाळताना समीकरणे कठीण होतात. या सान्त, म्हणजे मर्यादित धारणक्षमतेच्या, धरणाविषयी काही अचूक निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध केले ते नरहरी उमानाथ प्रभू यांनी.

प्रभू मूळचे कालिकतचे, मुंबई विद्यापीठाचे एम. ए.; धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात अध्यापन, मँचेस्टर येथे पुढील शिक्षण, नंतर पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि १९६५ पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. गावे बदलली, तरी अभ्यासाचा धागा तुटला नाही, कारण धरणाचे समीकरण हेच रांगेचेही समीकरण आहे. साखर कारखान्यात येणारी उसाची प्रत्येक गाडी गाळपाचे काही तास घेऊन येते आणि कारखाना ठरावीक वेगाने ते तास संपवीत जातो. गव्हाणीत पडण्याची वाट पाहणारा ऊस गणिताच्या दृष्टीने धरणातील पाणीच होय. ही एकरूपता त्यांच्या १९६५ च्या ‘क्यूज अँड इन्व्हेंटरीज’पासून १९८० च्या ‘स्टोकॅस्टिक स्टोरेज प्रोसेसेस’पर्यंत दिसते, आणि एका गणितज्ञाच्या आयुष्यभराच्या कामाला याहून सुंदर अधिष्ठान क्वचितच लाभते.

तरीही उजनी या प्रारूपात सरळ बसत नाही. तिच्या सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, साठ्यापैकी जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा आहे. टक्केवारी मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याचीच मोजतात, त्यामुळे येथे शून्य टक्के म्हणजे धरणाचा तळ नव्हे, आणि उन्हाळ्यात साठा ‘मायनस’मध्ये जातो. मोरान यांच्या शून्याला उजनीत कोणती पातळी मानायची, हे आधी ठरवावे लागते. त्याहून मोठी अडचण आवकेची आहे. वर्षावर्षाची आवक परस्परांपासून स्वतंत्र असते, असे मोरान यांनी धरले होते. १९६३ मध्ये ई. एच. लॉइड यांनी ती अट शिथिल करून लगतच्या आवकांमधील संबंध प्रारूपात आणला. उजनीला तेवढेही पुरत नाही, कारण येथे येणारे पाणी पावसाबरोबरच खडकवासला, पानशेत, पवना अशा वरच्या धरणांत किती जागा रिकामी आहे यावरही ठरते. म्हणून त्या सर्वांचे साठे एकाच साखळीत घ्यावे लागतात, संभाव्य स्थितींची संख्या गुणाकाराने वाढते, आणि अचूक सूत्र हाती लागत नाही तेथे अभ्यासकाला संगणकावर असंख्य कृत्रिम पावसाळे घडवून धरण कितीदा रिते होते ते मोजावे लागते.