मिरचीचा अदृश्य वैरी

हिवाळ्याच्या दिवसांत नंदुरबारला गेलेल्या प्रवाशाचे लक्ष गावाबाहेरील लाल मैदाने वेधून घेतात. दुरून पाहणाऱ्यास तेथे लाल गालिचे अंथरले आहेत असे वाटते. पण जवळ जाताच तिखट वासाने ठसका लागतो आणि खरा प्रकार ध्यानात येतो. बाजारात आलेली ओली लाल मिरची तेथे उन्हात वाळत घातलेली असते. या मैदानांना तिकडे 'पथारी' म्हणतात. मिरची पसरणे, ती खालीवर करणे, देठ खुडणे या कामांवर कितीतरी मजुरांच्या घरची चूल पेटते.

पथारीचे हे वैभव शेतातील झाडाच्या आरोग्यावर अवलंबून असते. लावणीनंतर काही आठवड्यांनी एखाद्या झाडाची कोवळी पाने कडांनी वर वळू लागतात. ती आखडतात व लहानच राहतात. पेरी जवळजवळ येतात आणि झाड खुरटते. फुले थोडी लागतात. जी फळे धरतात, तीही लहान व वेडीवाकडी होतात. या रोगास शेतकरी 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' असे म्हणतात.

अशा झाडास पाणी दिले, खत घातले, तरी ते सुधारत नाही. कारण त्याच्या पेशींत विषाणू शिरलेला असतो. विषाणूंचा शोध प्रथम लागला तो मिरचीच्याच कुळातील तंबाखूच्या झाडावर. १८९२ साली इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट तंबाखूचा रस, जीवाणूही अडकून पडतील अशा बारीक गाळणीतून गाळला. तरीही त्या रसाने निरोगी झाडांना रोग झाला. पुढे १८९८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने या रोगकारक द्रव्यास 'व्हायरस' हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'विष' असा आहे. मिरचीवरील हा विषाणू इतका सूक्ष्म असतो, की एका मिलिमीटरच्या अंतरात असे सुमारे ३० हजार विषाणू एका ओळीत मावतील.

या विषाणूला पायही नाहीत आणि पंखही नाहीत. मग तो झाडोझाडी जातो कसा? त्याचे वाहन म्हणजे पांढरी माशी. सुमारे एक मिलिमीटर लांबीचा हा कीटक पानाच्या खालच्या बाजूस बसून रस शोषतो. रोगट झाडाच्या रसाबरोबर विषाणू त्याच्या पोटात जातो, शरीरातून फिरून लाळेत उतरतो आणि माशी दुसऱ्या झाडावर बसली, की त्या झाडात प्रवेश करतो. फुलकिडे व कोळी यांच्यामुळेही पाने आखडतात; म्हणून पान उलटून नीट पाहिल्यावाचून रोगाचे निदान करू नये.

विषाणू एकदा झाडात शिरला, की त्याला बरे करणारे औषध नाही. फवारणीने माशी मरते, विषाणू मरत नाही. एकाच औषधाची वारंवार फवारणी केली, तर माश्या त्याला दाद देईनाशा होतात आणि त्यांना खाणारे उपयोगी कीटक मात्र मरतात. यास्तव रोग येण्यापूर्वीच जपावे लागते. रोपे बारीक जाळीच्या आत वाढवावीत. शेताभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी लावाव्यात. बांधावरील तण काढावे. कारण विषाणू व माशी या दोघांनाही तेथे आश्रय मिळतो. पिवळ्या रंगाकडे माशी ओढली जाते, म्हणून शेतात पिवळे चिकट सापळे लावावेत.

सर्वांत कठीण उपाय मात्र वेगळाच आहे. रोगट झाड दिसताच ते उपटून नष्ट करावे लागते. स्वतःच्या हातांनी लावलेले, पाणी घालून वाढवलेले झाड उपटताना शेतकऱ्याचा हात अडखळतो. 'अजून चार दिवस पाहू,' असे त्याला वाटते. परंतु त्या चार दिवसांत माश्या त्याच झाडावरून शेजारच्या झाडांवर आणि शेजाऱ्याच्या शेतातही जातात. माशीला बांध कळत नाही. एकाने काळजी घेतली आणि दुसऱ्याने हयगय केली, तर दोघांचेही नुकसान होते. म्हणून या वैऱ्याशी एकट्या शेतकऱ्याने नव्हे, तर साऱ्या शिवाराने मिळूनच झुंजले पाहिजे.