विश्लेषण : सरोवर पाहण्यासाठी सोडत कशाला? कॅनडातील ‘लेक ओहारा’ काय सांगते?

कॅनडाच्या रॉकी पर्वतरांगेतील ‘लेक ओहारा’ पाहायचे तर पैसा आणि पायांत बळ एवढ्यावर भागत नाही, नशिबाचीही साथ लागते. सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खासगी वाहनांना बंदी आहे. बसमधील जागा मोजक्या असून त्या सोडतीने दिल्या जातात. दिवसभराच्या पदभ्रमंतीसाठी एवढे निर्बंध कशासाठी, त्यातून काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी…

लेक ओहारा नेमके कुठे आहे?

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १८८६ मध्ये राखीव झालेले ‘योहो’ राष्ट्रीय उद्यान आहे. ‘योहो’ हा क्री भाषेतील विस्मयाचा उद्गार. या उद्यानात समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवर लेक ओहारा आहे. त्याच्या माथ्यावरच्या व्हिक्टोरिया आणि लेफ्रॉय या शिखरांच्या पलीकडे अल्बर्टा प्रांत आणि बॅन्फ उद्यान सुरू होते. प्रसिद्ध लेक लुईस त्याच बाजूला. बॅन्फमध्ये वर्षाला ४० लाखांहून अधिक पर्यटक येतात. एका डोंगराच्या एका अंगाला वाहनतळावर जागेसाठी झुंबड आणि दुसऱ्या अंगाला शांतता, असे हे चित्र आहे.

तिथे पोहोचायचे कसे?

महामार्गालगतच्या वाहनतळापासून सरोवरापर्यंत ११ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. त्यावर खासगी मोटारीच काय, सायकललाही परवानगी नाही. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बस धावते. पूर्वी तिची नोंदणी फोनवर होई आणि लोक तासन् तास क्रमांक फिरवत बसत. ऑनलाइन नोंदणी आली तेव्हा जागा काही मिनिटांत संपू लागल्या. ज्याचे इंटरनेट वेगवान आणि ज्याला नेमक्या वेळी संगणकासमोर बसण्याची मोकळीक, त्याचेच फावू लागले. म्हणून ‘पार्क्स कॅनडा’ या सरकारी संस्थेने एका दिवसाच्या प्रवाशांसाठी सोडत सुरू केली. हंगामाच्या काही महिने आधी पसंतीच्या तारखांसह अर्ज करायचा. क्रमांक लागला नाही तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही.

मात्र दार पूर्ण बंद नाही. पायी जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. ११ किलोमीटर आणि सुमारे ४०० मीटरचा चढ चालून कोणीही सरोवर गाठू शकतो. तेवढेच अंतर परतही यायचे असते. म्हणजे मर्यादा घातली आहे ती चाकांवर. पायांना वाट मोकळी आहे. ही मेख समजली की बाकीची व्यवस्था समजते.

एका दिवसात काय पाहता येते?

ओहाराच्या काठाने तीनेक किलोमीटरची सोपी फेरी आहे. त्याहून थोडी अवघड वाट ‘ओएसा’ सरोवराकडे चढते. वाटेत लहान तळी आणि धबधब्यांची माळ लागते. दुसऱ्या बाजूला ‘ओपाबिन’ पठार. तेथील लार्च वृक्ष सूचिपर्णी असूनही सप्टेंबरमध्ये सोनेरी होतात आणि त्यांची पाने गळतात. हा रंग दोन-तीन आठवडेच टिकतो, त्यामुळे त्या दिवसांसाठी सर्वाधिक चढाओढ असते.

कसलेल्यांसाठी या साऱ्यांना जोडणारी साधारण १२ किलोमीटरची ‘अल्पाइन सर्किट’ वाट आहे. सरोवरापासून सुमारे ५०० मीटर सरळसोट चढून २,५३२ मीटर उंचीच्या ‘विवॅक्सी’ खिंडीत पोहोचायचे आणि तेथून कड्यांच्या अरुंद कपारींवरून पुढे जायचे. खडकांवर रंगवलेल्या निळ्या-पिवळ्या खुणा वाट दाखवतात. बर्फ असताना या कपारी धोकादायक ठरतात, त्यामुळे वरच्या वाटा बहुधा जुलैपूर्वी मोकळ्या होत नाहीत.

पाण्याला असा रंग कशामुळे?

हिमनदी सरकताना खालचा खडक दळला जातो. पिठासारखी ती बारीक भुकटी वितळलेल्या पाण्याबरोबर सरोवरात येते आणि तरंगत राहते. तिच्यामुळे प्रकाशातील निळ्या-हिरव्या छटा विखुरल्या जाऊन आपल्या डोळ्यांपर्यंत येतात. पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात उतरताना भुकटीचा काही भाग वरच्याच तळ्यात बसतो, म्हणून एकाच ओढ्यावरची तळी वेगवेगळ्या रंगांची दिसू शकतात.

निर्बंधांची गरज काय?

या उंचीवर वनस्पतींना वाढायला वर्षात जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. मातीचा थर पातळ असतो. वाट सोडून चालणाऱ्यांच्या बुटांखाली चिरडलेले गवत आणि शेवाळ पुन्हा धरायला अनेक वर्षे लागतात. शिवाय जवळच्या मॅकआर्थर खिंडीतून ग्रिझली अस्वलांची ये-जा असते. त्यामुळे त्या बाजूच्या ‘ओडारे’ वाटेवर दिवसाला मोजक्याच गटांनी जावे, असा दंडक आहे.

संख्या कमी करणे हा उपायाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे चांगली वाट. इटलीहून आलेला खाणकामगार लॉरेन्स ग्रासी याने गेल्या शतकात येथे दगडी पायऱ्या रचल्या. ओएसाच्या वाटेवर त्या आजही भक्कम आहेत. पायाखाली नीट वाट असेल तर माणूस कडेच्या गवतावर पाय टाकत नाही. पाटीवरच्या सूचनेपेक्षा अशी पायरी अनेकदा जास्त काम करते.

ही पद्धत न्याय्य आहे का?

सोडतीत वशिला चालत नाही, ही तिची जमेची बाजू. पण काही महिने आधी तारीख ठरवणे प्रत्येकाला जमत नाही. कॅल्गरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ते एक वेळ शक्य आहे. भारतातून महिन्याभरासाठी आलेल्या आजी-आजोबांना ती तारीख साधेलच असे नाही. पायी वाट मोकळी असली तरी जाऊन-येऊन २२ किलोमीटर चालणे गुडघे दुखणाऱ्यांच्या आवाक्यातले नाही. म्हणजे सोडतीत डावललेला तरुण चालत जाऊ शकतो, ज्येष्ठ नागरिकाला तो पर्याय नाही. मर्यादा आवश्यक मानली तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे मान्य करावे लागते.

मर्यादा नसती तर काय झाले असते, याचे उत्तर डोंगरापलीकडे आहे. बॅन्फमधील ‘मोरेन लेक’च्या रस्त्यावर मोटारींची कोंडी इतकी वाढली की २०२३ पासून तो खासगी वाहनांसाठी बंद करून बस सुरू करावी लागली.

सोडतीने सरोवर वाचेल?

गर्दीपासून वाचेल, तापमानवाढीपासून नाही. ओएसाच्या वर, ‘ॲबट’ खिंडीत २,९२५ मीटर उंचीवर स्विस वाटाड्यांनी १९२२ मध्ये दगडी निवारा बांधला होता. त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा होता. पायाखालचा गोठलेला उतार वितळून ढासळू लागल्याने १०० वर्षांनी, २०२२ मध्ये, तो उतरवावा लागला. हिमनद्या आटत गेल्या तर पाण्यात येणारी भुकटीही घटेल आणि तळ्यांचे रंगही आज आहेत तसे राहणार नाहीत.

आपल्याकडे यातून काय घेण्यासारखे?

साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली, तेव्हा ‘आमच्याच डोंगरावर आम्हाला बंदी का’ असा प्रश्न विचारला गेला. तो गैर नव्हता. ओहाराचे उदाहरण त्याला तीन उत्तरे देते. आधी वाहने दूर थांबवावीत. मग आखीव, भक्कम वाटा द्याव्यात. आणि जागा वाटायच्याच असतील तर त्या सर्वांना कळेल अशा पद्धतीने वाटाव्यात. त्यात चालू न शकणाऱ्यांसाठी काही जागा राखल्या, तर कॅनडात राहिलेली उणीवही आपल्याला भरून काढता येईल.